शिक्षण, उतारवयातली बुद्धी आणि मेंदूची रचना: संबंध नेमका कुठे आहे?

ओंजळ (धागाकर्ती)

मंडळी, गेली काही वर्षं हा विषय डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

"डोकं वापरणाऱ्याला विस्मरणाचा आजार होत नाही" असं लोक अगदी खात्रीने सांगतात. त्याची दुसरी बाजू कोणी मोठ्याने बोलत नाही, पण मनात असतेच: शाळेचं तोंड न पाहिलेल्या म्हाताऱ्या माणसाचं डोकं आधी जाणार. आमच्या घरात दोन्ही टोकं आहेत. आई शाळेत गेली नाही. सासरे हयातभर गणित शिकवत आले. दोघांच्याही तपासण्यांना मी सोबत होते, आणि तिथे जे पाहिलं त्यामुळे ही दोन्ही वाक्यं मला टोचायला लागली.

संबंध आहे, याबद्दल वाद नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या याकोव्ह स्टर्न यांच्या गटाने १९९४ मध्ये साठीपुढच्या ५९३ जणांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. सुरुवातीला यांपैकी कोणालाही डिमेन्शिया, म्हणजे हाच विस्मरणाचा आजार, नव्हता. आठ वर्षांपेक्षा कमी शिकलेल्यांमध्ये पुढे तो होण्याचा धोका साधारण दुप्पट निघाला. त्यानंतर अनेक देशांतून असेच निष्कर्ष आले. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाची टाळता येण्याजोगी चौदा कारणं दिली, त्यात कमी शिक्षण आहे.

पण संबंध का आहे, याची उत्तरं एकमेकांना छेद देणारी आहेत. शिक्षणामुळे मेंदूची झीज कमी होते? झीज तेवढीच होते, पण शिकलेला मेंदू ती जास्त काळ निभावून नेतो? की मुळात चलाख आणि सुस्थितीतली मुलंच जास्त शिकतात, आणि शिक्षण हा फक्त त्याचा शिक्का?

पहिल्या उत्तराच्या विरोधात पुरावा भक्कम आहे. कॅरल ब्रेन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मृत्यूनंतर दान केलेल्या ८७२ मेंदूंचा अभ्यास मांडला. जास्त शिकलेल्यांमध्ये डिमेन्शिया कमी होता आणि मेंदूचं वजन थोडं जास्त होतं. मात्र अल्झायमरच्या (डिमेन्शियाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार) गाठी, प्रथिनांचे थर, रक्तवाहिन्यांमुळे झालेली इजा यांचा शिक्षणाशी काही संबंध दिसला नाही. म्हणजे आजाराने आत शिरताना पदवी विचारली नव्हती.

दुसरा अभ्यास २०२१ चा. स्वीडनच्या उमेओ विद्यापीठातले लार्स न्यूबेरी आणि इतरांनी युरोपातल्या दोन हजारांहून जास्त लोकांचे एमआरआय तपासले. वय २९ ते ९१, आणि त्याच माणसांचे स्कॅन काही वर्षांच्या अंतराने पुन्हा. स्मरणाचं केंद्र असलेला हिप्पोकॅम्पस आणि मेंदूचा बाहेरचा थर वयाबरोबर आकसतो, तो किती वेगाने आकसतो हे त्यांना पाहायचं होतं. जास्त शिकलेल्यांच्या काही भागांचं आकारमान किंचित जास्त होतं. आकसण्याचा वेग मात्र दोन्हीकडे सारखाच.

मला यातून जे उमगलं ते असं: कोणी पाचव्या मजल्यावरून जिना उतरायला लागतं, कोणी दुसऱ्या. उतरायचा वेग तोच असतो, तळाशी पोचायला पहिल्याला वेळ लागतो. शिक्षणाने मजला बदलतो. आणि आपल्या चाचण्या माणूस कोणत्या मजल्यावर आहे तेवढंच सांगतात, तो उतरतोय की तिथेच उभा आहे हे सांगत नाहीत. आई आणि सासरे, दोघांच्याही बाबतीत घोळ नेमका इथेच झाला.

---

समांतर

उत्तम धागा. एक शंका. आत झीज तेवढीच असेल, तर बाहेर फरक कसा पडतो? 'निभावून नेणं' म्हणजे मेंदूत प्रत्यक्ष काय घडतं?

---

ओंजळ

समांतर, यात दोन गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या ठेवलेल्या बऱ्या.

एक म्हणजे मुळातलं भांडवल. रॉबर्ट कॅट्झमन यांनी १९८८ मध्ये १३७ वृद्धांच्या शवविच्छेदनाचा अभ्यास मांडला होता. त्यातल्या दहा जणांच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा भरपूर, पण जिवंतपणी त्यांचं डोकं शाबूत होतं. त्यांचे मेंदू जास्त वजनाचे होते आणि मोठ्या चेतापेशींची संख्या जास्त होती. गमावूनही पुरेसं उरलं होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे आहे ते वापरायची पद्धत. एखादं काम नेहमीच्या जोडणीने होत नसेल तर मेंदू दुसऱ्या जोडणीने ते पार पाडतो. यालाच कॉग्निटिव्ह रिझर्व्ह म्हणतात. स्टर्न यांच्याच गटाचा १९९२ चा एक निष्कर्ष मला सगळ्यात बोलका वाटतो. वरकरणी सारख्याच तीव्रतेचा अल्झायमर असलेल्या रुग्णांच्या मेंदूतला रक्तपुरवठा त्यांनी मोजला. जास्त शिकलेल्यांमध्ये मागच्या आणि बाजूच्या भागांतला रक्तपुरवठा जास्त घटलेला होता. बाहेरून दोघे सारखे दिसतात, आतून शिकलेला माणूस पुढच्या टप्प्यावर पोचलेला असतो.

---

कातरवेळ

मी स्मृती-चाचण्या घेण्याचं काम करते, त्यामुळे मजल्याचा मुद्दा मला रोज दिसतो.

तीस गुणांची एमएमएसई ही चाचणी १९७५ पासून वापरात आहे. शंभरातून सात वजा करत जा, शब्द उलटा सांगा, एक वाक्य लिहा, एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन पाहून काढा. यातलं जवळपास प्रत्येक काम शाळेत गिरवलेलं असतं. परवाच एक आजी आल्या होत्या. पेन्सिल हातात दिली तर मुठीत धरली, रवी धरावी तशी. कागदाचा कुठला भाग आपल्यासमोर हवा इथपासून सुरुवात होती. पंचकोनांच्या जागी दोन वेटोळी आली. गुणपत्रिकेवर तिथे शून्य पडतं. त्या शून्यात आजार किती आणि आयुष्यात कधी पेन्सिल न मिळणं किती, हे आकड्यावरून कोणालाच सांगता येणार नाही.

हे माझं एकटीचं मत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेत अठरा हजारांवर प्रौढांचे या चाचणीचे गुण प्रसिद्ध झाले. नऊ किंवा त्याहून जास्त वर्षं शिकलेल्यांचा मध्यक (बरोबर मधला गुण) २९ होता, पाच ते आठ वर्षंवाल्यांचा २६, आणि चार वर्षं किंवा त्याहून कमी शिकलेल्यांचा २२. सरसकट २४ ची रेघ मारली की शेवटच्या गटातली निम्म्याहून जास्त माणसं नुसत्या शिक्षणापायी 'संशयित' ठरतात. मोका या दुसऱ्या चाचणीत बारा किंवा कमी वर्षं शिकलेल्यांना एक गुण वाढवून देतात. जो कधी शाळेतच गेला नाही त्याला त्या एका गुणाने न्याय मिळतो असं मला वाटत नाही.

---

ओंजळ

कातरवेळ, अगदी हेच. आईच्या वेळी तारीख विचारली, तिला आली नाही. तिच्या आयुष्यात तारखेला कधी काम नव्हतं. तिला वार पक्के ठाऊक असतात, कोणाकडे कधी जायचंय ते ठाऊक असतं. तपासणाऱ्यांनी गुण मोजले आणि 'मध्यम स्वरूपाचा डिमेन्शिया' असं लिहून मोकळे झाले. घरातल्या कोणालाही एक प्रश्न विचारला नाही. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी आम्हालाच बसवून विचारलं: वर्षभरापूर्वी ती जे करत होती त्यातलं आज काय करत नाही? उत्तर होतं, काहीच नाही. आई होती त्याच मजल्यावर उभी होती.

---

काठावर

चर्चा चांगली चालली आहे, पण एक अडचण मांडतो. शिक्षणाला श्रेय देण्याआधी लहानपणची बुद्धी बाजूला काढायला हवी. नाहीतर धाग्यातलं तिसरं उत्तर, 'शिक्षण हा फक्त शिक्का', तसंच उभं राहतं.

याची सोय स्कॉटलंडमध्ये आहे. तिथे १९३२ आणि १९४७ मध्ये देशभरातल्या अकरा वर्षांच्या जवळपास सगळ्या मुलांची बुद्धिचाचणी घेतली होती. ते कागद जपले गेले, आणि इयन डिअरी यांच्या गटाने त्याच मुलांना म्हातारपणी शोधून काढलं. त्यांच्यातल्या १९३६ साली जन्मलेल्यांचे वयाच्या ७३ च्या सुमारास एमआरआय झाले. जास्त शिकलेल्यांच्या मेंदूचा बाहेरचा थर काही भागांत जाड दिसला. पण अकराव्या वर्षीचे गुण हिशेबात धरल्यावर तो संबंध बराचसा विरला. थोडा उरला, हे खरं.

त्याहून कडक परीक्षा म्हणजे ब्रिटनमधला १९७२ चा कायदा. शाळा सोडायचं किमान वय १५ वरून १६ केलं गेलं. १ सप्टेंबर १९५७ च्या आधी जन्मलेल्याला पंधराव्या वर्षी शाळा सोडता येत होती, नंतर जन्मलेल्याला एक वर्ष जास्त बसावं लागलं. ऑगस्टमधलं मूल आणि सप्टेंबरमधलं मूल यांच्या बुद्धीत किंवा घरच्या परिस्थितीत काही फरक असायचं कारण नाही. निक जड आणि रोखिर कीव्हिट यांनी यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या मोठ्या आरोग्य-माहितीसंग्रहातल्या हजारो जणांचे कित्येक दशकांनंतरचे मेंदूचे स्कॅन या रेषेच्या अलीकडे आणि पलीकडे ताडून पाहिले. जाडी, क्षेत्रफळ, आकारमान, पांढऱ्या द्रव्याची (मेंदूचे भाग जोडणाऱ्या तंतूंची) स्थिती, कशातच फरक सापडला नाही.

तेव्हा 'शिक्षणाने मेंदूची रचना बदलते' हे निदान एका जादा वर्षापुरतं तरी सिद्ध होत नाही.

---

समांतर

मग शाळेचा उपयोगच नाही म्हणायचं का?

---

काठावर

नाही, असं मुळीच नाही. कायद्याने शाळेची वर्षं वाढवल्याने बुद्धिचाचणीतले गुण वाढतात, याला पुरावा आहे. स्टुअर्ट रिची आणि इलियट टकर-ड्रॉब यांनी २०१८ मध्ये सहा लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र तपासली. शिक्षणाच्या प्रत्येक जादा वर्षामागे साधारण १ ते ५ गुणांची वाढ दिसली, आणि ती उतारवयातही टिकलेली होती. ब्रिटनमध्ये १९४७ साली हेच वय १४ वरून १५ केलं होतं, त्या पिढीवरही अभ्यास झाला आहे. जादा वर्ष मिळालेल्या पुरुषांची स्मरणशक्ती म्हातारपणी चांगली निघाली.

तेव्हा उंच मजल्याची गोष्ट खरी आहे, पण ती उंची स्कॅनमध्ये सेंटिमीटरने मोजता येईल अशी अपेक्षा चुकीची आहे. माणूस काय शिकला, प्रश्न सोडवायच्या कोणत्या रीती त्याच्या अंगवळणी पडल्या, हे जाडीत आणि आकारमानात उमटेलच असं नाही. जोडण्या सूक्ष्म असतात, एमआरआयचा एक ठिपका साधारण एका घन मिलिमीटरचा. त्यात हजारो चेतापेशी मावतात.

---

शब्दवेल

काठावर यांच्याशी बऱ्याच अंशी सहमत, पण 'एक वर्ष जास्त' आणि 'अक्षरओळखच नाही' या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. पंधरा आणि सोळामधल्या फरकावरून शून्य आणि चारमधल्या फरकाचा अंदाज करू नये.

शून्याकडून सुरुवात करणाऱ्यांवरचा एक अभ्यास सांगते. दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात शस्त्रं खाली ठेवून समाजात परतलेले माजी बंडखोर विशीत पहिल्यांदा वाचायला शिकले. मानुएल कार्रेइरास यांच्या गटाने २००९ मध्ये 'नेचर'मध्ये त्यांच्या स्कॅनची तुलना अजून निरक्षर असलेल्या तशाच लोकांशी केली. वाचायला शिकलेल्यांमध्ये मेंदूच्या मागच्या भागांतलं करडं द्रव्य (चेतापेशींचा थर) जास्त होतं. दोन अर्धगोलांना जोडणाऱ्या पट्ट्याच्या मागच्या टोकाशी पांढरं द्रव्यही जास्त होतं. लहानपणी चलाख होते म्हणून ही माणसं शाळेत गेली असं म्हणायची सोय इथे नाही, कारण शाळेत कोणीच गेलं नव्हतं. अर्थात मोजकीच माणसं होती, हेही लक्षात ठेवायला हवं.

आणि एक खूप जुना दाखला. अमेरिकेतल्या ६७८ नन्सचा डेव्हिड स्नोडन यांनी केलेला अभ्यास. धर्मसंस्थेत प्रवेश घेताना विशीत लिहिलेली त्यांची छोटी आत्मचरित्रं जपलेली होती. ज्यांच्या वाक्यांत कल्पनांची दाटी कमी, त्यांच्यात साठ वर्षांनी अल्झायमर जास्त आढळला. एकीचं निधन १०१ व्या वर्षी झालं. मेंदूत गाठी आणि थर भरपूर, पण शेवटच्या चाचण्यांपर्यंत गुण उत्तम. विशेष म्हणजे यातल्या बऱ्याच जणींची राहणी, निवारा, दिनक्रम पुढे आयुष्यभर जवळपास एकसारखा होता.

---

नितळ

वाचते आहे. शब्दवेल आणि काठावर, दोघांचेही प्रतिसाद जपून ठेवावेत असे.

---

रानवारा

शाळेबाहेरच्या शिक्षणाचं काय? माझे आजोबा निरक्षर होते, पण तीन भाषांत व्यवहार करायचे.

---

शब्दवेल

रानवारा, यावर हैदराबादचा अभ्यास आहे. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये डिमेन्शियाच्या ६४८ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजाराची सुरुवात सरासरी साडेचार वर्षं उशिरा झालेली होती. महत्त्वाचं असं की कधीच शाळेत न गेलेल्यांमध्येही हा फरक दिसला. भाषेच्या फायद्यावर संशोधकांत एकमत नाही, इतर काही ठिकाणी तो आढळलेला नाही. तरी मेंदूला मिळणारं सगळं खाद्य शाळेतूनच येतं असं मानायचं कारण नाही, एवढं नक्की म्हणता येईल.

---

ओंजळ

आता सासऱ्यांबद्दल लिहिते, कारण समांतर यांना दिलेल्या उत्तराचा पुढचा भाग तोच आहे.

त्यांना तीसपैकी अठ्ठावीस गुण मिळाले. शंभरातून सात वजा करणं ते चाचणी घेणाऱ्याच्या आधी संपवून मोकळे झाले होते. "काही काळजी नाही" असं सांगून घरी पाठवलं. सासूबाई मात्र म्हणत होत्या, हे आता उदाहरण मध्येच सोडून उठतात. हे वाक्य मी त्या खोलीत सांगितलं, पण ते कोणी टिपून घेतलं नाही. रोज सकाळी स्वतःच्या करमणुकीसाठी भूमिती सोडवणारा माणूस आकृती अर्धी ठेवून दुसरं पान उलटतो, आणि विचारलं की चिडतो. हा केवढा मोठा उतार होता! पण ते पाचव्या मजल्यावरून तिसऱ्यावर आले होते, आणि चाचणीच्या दृष्टीने तिसरा मजला म्हणजे उत्तम प्रकृती.

पुढे घसरण सुरू झाली ती झपाट्याने. ब्रॉन्क्समधल्या वृद्धांच्या एका दीर्घ अभ्यासात हेच दिसलं आहे. शिक्षणाच्या प्रत्येक जादा वर्षामागे स्मरणाची वेगवान घसरण सुमारे अडीच महिन्यांनी पुढे जाते, पण एकदा सुरू झाली की जास्त शिकलेल्यांमध्ये तिचा वेग जास्त असतो. निभावून न्यायची ताकद संपते तेव्हा आतलं नुकसान फार पुढे गेलेलं असतं. लोक आम्हाला म्हणायचे, "एवढे हुशार गृहस्थ, अचानक कसं काय?" अचानक काहीच नव्हतं. सासूबाईंना दिसत होतं.

म्हणून मला कळकळीने सांगावंसं वाटतं की शिकलेल्या माणसाच्या उत्तम गुणांवर विसंबू नका आणि न शिकलेल्या माणसाच्या कमी गुणांनी हबकू नका. तुलना करायची ती त्या माणसाच्या स्वतःच्या गेल्या वर्षाशी.

---

काठावर

ओंजळ, हे पटलं. एक छोटी पुस्ती: तुम्ही मूळ लेखात 'वेग तोच' लिहिलंय आणि इथे 'वेग जास्त'. वाचणाऱ्याचा गोंधळ होईल. पहिलं निरोगी म्हातारपणाबद्दल आहे आणि दुसरं आजार बाहेर दिसायला लागल्यानंतरचं. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत.

---

ओंजळ

हो, तोच अर्थ. आभार.

---

समांतर

आता व्यवहारातला प्रश्न. ज्यांचं शिक्षण व्हायचं ते होऊन गेलं, वय पासष्ट-सत्तर, त्यांनी काय करायचं? रोज कोडी सोडवून मजला वाढतो का?

---

कातरवेळ

कोड्यांबद्दल माफक अपेक्षा ठेवा. अमेरिकेतल्या अॅक्टिव्ह नावाच्या प्रयोगात २,८३२ वृद्धांना स्मरण, तर्क किंवा वेग यांपैकी एकेका गोष्टीचं प्रशिक्षण दिलं होतं. दहा वर्षांनी तर्क आणि वेगाचे गुण काही प्रमाणात टिकले, स्मरणाचे टिकले नाहीत. शिवाय चाचण्यांत मुख्यतः ज्याचा सराव केला तेच सुधारलं.

चालण्याबद्दल मला जास्त आशा आहे. २०११ मध्ये १२० वृद्धांवर एक प्रयोग झाला. वर्षभर नियमित भरभर चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्के वाढला, नुसता ताण-व्यायाम करणाऱ्यांचा आकसला.

आणि कान! 'लॅन्सेट'च्या यादीत कमी ऐकू येण्याचा वाटा ७ टक्के धरलाय, कमी शिक्षणाचा ५. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांना प्रश्नच नीट ऐकू गेलेला नसतो आणि उत्तर चुकलं म्हणून गुण कापले जातात. चाचणीआधी कान तपासून घ्या, चष्मा सोबत आणा. रक्तदाब आणि साखर सांभाळणं आलंच, तेही चाळिशीपासून.

---

रानवारा

आईला पुढच्या महिन्यात तपासणीला न्यायचंय. चौथीपर्यंत शिकली आहे. बरोबर काय नेऊ?

---

कातरवेळ

एका कागदावर पाच-सहा कामं लिहून न्या. तिची नेहमीची, जी ती कोणाच्या मदतीशिवाय करायची: पैसे मोजून देणं, औषधं वेळेवर घेणं, ओळखीच्या रस्त्याने एकटीने जाऊन येणं, फोन लावणं, शिवण-टिपण, जे काही असेल ते. प्रत्येकापुढे लिहा की वर्षापूर्वी कसं करत होती आणि आता कसं करते. किती शिकली हे विचारायची वाट पाहू नका, आधीच सांगा. सगळ्या औषधांची यादी न्या, विशेषतः झोपेच्या गोळ्यांची, त्यांनीही विसराळूपणा येतो. ब-१२ जीवनसत्त्वाची आणि थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर तसं विचारा. आणि पहिल्या वेळचे गुण काहीही येवोत, सहा महिन्यांनी किंवा वर्षाने तीच चाचणी पुन्हा करून घ्या. दोन आकडे हातात आले की मग बोलता येईल.

---

रानवारा

कागद आजच करायला घेतो. बहिणीलाही विचारतो, ती रोज तिच्याजवळ असते.